दिसतं तेवढंच

बाईंना राग आला की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि मग बोलत. छत्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं, आणि वर्गातल्या प्रत्येक पोराला ही खूण पाठ होती. चष्मा उतरला की शेवटच्या बाकावरचासुद्धा पाठ ताठ करून बसे. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, चष्मा काढायची सवय काही सुटली नाही. फक्त एका माणसासमोर बारा वर्षांत तो एकदाही उतरला नव्हता. तो माणूस म्हणजे जावई. जावयावर रागवायचं नसतं, असं बाईंचं ठाम मत. त्यामुळे त्याचा राग आला की त्या चष्मा नाकावर घट्ट बसवत, "तुमचंही बरोबर आहे" म्हणत आणि आत जाऊन मुलीवर तोंड टाकत.

कोड्यांच्या पुस्तकाची छापील प्रत हातात आली तेव्हा जावई नेमका समोरच बसलेला होता.

पुस्तक बाईंचंच. अकरा वर्षं त्या एका वेबसाइटवर मुलांसाठी कोडी लिहीत होत्या. एका पानावर एक कोडं, आणि उत्तर एका बटणाखाली झाकलेलं. ते झाकण्याचा हट्टही त्यांचाच. उत्तर समोर असलं की पोर डोकं चालवत नाही, नुसते डोळे चालवतं, असं त्यांनी वेबसाइटवाल्याला बजावलं होतं. चारशे बारा कोडी झाली आणि त्या वेबसाइटवाल्याने कळवलं, की महिनाअखेरीला आपण सगळं बंद करतोय. कोडी त्यांनी थेट तिथेच लिहिली होती, वहीत एकही नव्हतं. त्यांच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुस्तक करू, शाळा छापेल, प्रत्येक मुलाला एकेक प्रत देऊ. फक्त तिथला मजकूर महिन्याच्या आत बाहेर निघायला हवा.

जावयाचं पोट संगणकावरच चाललेलं. त्याने एका संध्याकाळी प्रोग्राम लिहिला. ब्राउझर आपला आपण उघडायचा, पानावर जायचा, मजकूर उचलायचा आणि पुढच्या पानाकडे वळायचा. बाई खुर्ची ओढून बघत बसल्या. कुणी हात न लावता पानं उलटतायत, हे त्यांना मुळीच आवडलं नाही. बोलायची वेळ आली ती फाइल उघडल्यावर. पहिल्या कोड्याच्या आधीच तीस ओळींचा कचरा होता. मेनू बंद करा. चित्र: हसणारा ससा. तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. जावयाने समजावलं, की पानाच्या पोटात असा बराच मजकूर असतो. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, पण प्रोग्रामने तोही उचलला.

बाईंनी चष्मा घट्ट बसवला. "मला पोटातलं नको. माणसाच्या डोळ्याला दिसतं तेवढंच घ्या. ही फाइल टाकून द्या."

जावयाने त्या फाइलवरून बराच वेळ नजर फिरवली. "दिसतं तेवढंच? नक्की ना, आई?"

"मी एक सूचना दोनदा देत नाही. तुमचंही बरोबर आहे, पण नाही देत."

आत जाऊन त्यांनी मुलीला, भाजी इतकी जाड का चिरतेस, म्हणून फैलावर घेतलं.

दुसरी फाइल आरशासारखी स्वच्छ निघाली. बाईंनी पहिली तीन पानं तपासली. कोडं वर, उत्तर खाली, सगळं जागच्या जागी. ती तीन नमुन्याची कोडी होती, त्यांची उत्तरं त्यांनी स्वतःच उघडी ठेवली होती, हे अकरा वर्षांनी कोणाच्या लक्षात राहणार? फाइल शाळेत गेली आणि छपाईची मुद्रितं मुलीकडे तपासायला आली. मुलीचं आणि गणिताचं लहानपणापासून वाकडं. तिने काना-मात्रा पाहिल्या आणि कागद परत पाठवले.

आता छापील प्रत बाईंच्या हातात होती आणि चौथ्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, प्रत्येक कोड्याखाली, उत्तराच्या जागी, एकच ओळ छापलेली होती: उत्तर पाहण्यासाठी इथे दाबा.

बाईंनी चष्मा इतका घट्ट दाबला, की नाकावर वळ उठला. त्या सरळ आत गेल्या.

"तुला दिसलं नाही? चारशे नऊ वेळा छापलंय ते."

"दिसलं ना. मला वाटलं उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असतील."

"मग शेवटी पाहिलंस का?"

"पाहिलं. नव्हती. तुला विचारणार होते, पण विचारलं असतं तर तू मला दोन कोडी सोडवायला बसवलं असतंस."

हे इतकं खरं होतं, की बाईंचा राग दुप्पट झाला. वेबसाइट आदल्या आठवड्यातच बंद पडली होती, त्यामुळे उत्तरं आता फक्त त्यांच्या डोक्यात होती. पुस्तकं मात्र आदल्या दिवशीच शाळेत वाटूनही झाली होती. दुपारी मुख्याध्यापिकांचा फोन आला. पोरं कागदावर बोटं दाबतायत, एकाने तर अंगठ्याने पान भोसकलं. एका आजोबांनी घरून चिठ्ठी पाठवलीय, की आमच्या प्रतीतलं बटण चालत नाही, बदलून द्यावी.

बाईंनी जाहीर केलं, की उत्तरांची वेगळी पुस्तिका त्या स्वतः लिहून देतील. टेबलाशी बसल्या त्या चार दिवस उठल्या नाहीत. आपणच घातलेली कोडी आपल्यालाच सोडवावी लागतायत, याचा संताप प्रत्येक आकड्यात उतरत होता. पेन्सिलीची टोकं मोडत होती. मुलगी चहा ठेवून पाय न वाजवता परत जात होती.

पाचव्या दिवशी पुस्तिका पुरी झाली आणि पुन्हा मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या म्हणाल्या, पुस्तिका इतक्यात पाठवू नका. उत्तरं नाहीत म्हटल्यावर पोरं मधल्या सुट्टीत घोळके करून बसतायत, भांडतायत, जमिनीवर खडूने आकृत्या काढतायत. अशी तर ती कधी बसलीच नव्हती. बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण चार दिवसांच्या मेहनतीवर असं पाणी पडल्यावर आनंद व्हायला वेळ लागतो.

संध्याकाळी जावई आला तोच अपराध्यासारखा. हातात कागदांचा गठ्ठा. "आई, ती पहिली फाइल मी टाकली नव्हती. सगळी उत्तरं यात आहेत."

बाईंचा हात चष्म्याकडे गेला आणि निग्रहाने खाली आला. "चार दिवस मी इथे मरत होते."

"मी पहिल्याच दिवशी बोलणार होतो, पण..."

"तुमचंही बरोबर आहे," बाई दातांतून म्हणाल्या आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहू लागल्या. सगळी जुळत गेली, ती एकशे अठराव्या कोड्यापर्यंत. गोल तळ्याभोवती चाळीस मीटरचं कुंपण, दर चार मीटरला एक खांब, तर खांब किती? पुस्तिकेत दहा. फाइलमध्ये अकरा.

"तुमच्या यंत्राने चूक केली."

"यंत्र नुसतं उचलतं, आई. लिहिलं होतं ते अकराच."

बाईंनी कागदावर गोल तळं काढलं आणि खांब मोजले. सरळ कुंपणाला एक खांब जास्त लागतो, हे त्यांनी छत्तीस वर्षं पोरांना ओरडून शिकवलं होतं. इतकं ओरडून, की तळं गोल आहे आणि शेवटचा खांब म्हणजेच पहिला, हे त्या वेळी त्या स्वतःच विसरल्या होत्या. अकरा वर्षांत हजारो पोरांनी ते बटण दाबलं. उत्तर पाहिलं आणि पुढे गेली. एकानेही तळं काढून पाहिलं नाही.

"पण तुम्हाला कसं ठाऊक, की अकराच लिहिलं होतं?"

जावयाने पायाकडे पाहिलं. "पहिली फाइल उघडली, तेव्हाच नजरेला पडलं होतं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, दिसतं तेवढंच घ्या. म्हटलं, बरं झालं. उत्तरंच गेली तर हे अकरा तुमच्या नावाने छापलं जाणार नाही. पोरं काय, डोकं चालवतील."

बाईंनी चष्मा काढला, घडी केली आणि टेबलावर ठेवला.

"अरे गाढवा," त्या म्हणाल्या, "मला चूक दिसली आणि मी गप्प बसलो, हे तू मला सांगतोस? गणिताच्या बाईला? बारा वर्षं घरात वावरतोस आणि एवढी अक्कल नाही तुला?"

मुलगी सवयीने आतून धावत आली. "आता मी काय केलं?"

"तू गप्प बस. तुझ्याशी कोण बोलतंय?"

मुलीने आईकडे पाहिलं, टेबलावरच्या चष्म्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग एक खुर्ची ओढली आणि पाय वर घेऊन निवांत बसली.

जावयाने पाठ ताठ केली.