लोखंड फिरतीवर

रोंडा किटलवेलच्या वर्कशॉपमध्ये जागा भरपूर होती, फक्त लोखंडाला त्याची अशी जागा नव्हती. वीस-वीस फुटी पाइप भिंतीला टेकून उभे, अँगल जमिनीवर आडवे, त्यांच्या अंगावर जाडजूड चॅनेल, आणि आज जे हवं ते नेमकं सगळ्यांत खाली. कारागीर अर्धा दिवस लोखंड इकडचं तिकडे करत आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात कुरिंबी गावच्या साखर कारखान्यासाठी ऊस वाहायच्या रुळगाड्या बनवत. रोंडाच्या वडिलांच्या काळापासून हे असंच चाललं होतं. क्वीन्सलंडच्या त्या ऊसपट्ट्यात कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एका सकाळी, चहाच्या सुट्टीत, एक पाइप घरंगळत आला आणि क्लेम ट्रँटर या जुन्या वेल्डरच्या बुटावर आदळला. बुटाचं टोक पोलादी होतं, त्यामुळे क्लेमला काही झालं नाही. दचकून त्याच्या हातातला गरमागरम, खिमा भरलेला मीट पाय मात्र खाली पडला. या अपघातात एक पाय गेला, तो हा.

"सॉससकट गेला गं पोरी," क्लेम हळहळला. "अजून तोंडही लावलं नव्हतं."

रोंडाला हसू आलं, पण मनात दुसराच विचारही आला. हाच पाइप जरा वर, नडगीवर आला असता तर? तिने प्रामाणिकपणे विमा कंपनीला कळवलं. पुढे लोक म्हणाले, तिथेच ती चुकली. खरं तर ती अगदी बरोबर वागली होती, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

कंपनीने सुरक्षा सल्लागार पाठवला. नायजेल पेल्हम मोटारीतही हेल्मेट घालून बसत. त्यांनी वर्कशॉप पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "रोंडाबाई, ही साठवण नव्हे. ही विखुरण आहे."

त्यांनी उपाय सांगितला तो मात्र लाखमोलाचा. भक्कम खांबांना एका बाजूने लांब हात फुटलेली मांडणी घ्यायची. जड माल खालच्या हातांवर, हलका वर. प्रत्येक जातीला वेगळा मजला, आणि समोर फोर्कलिफ्ट वळेल एवढी मोकळी वाट. रोंडाने लगेच मांडणी मागवली. ती आली, जमिनीत बोल्ट ठोकून उभी राहिली. सगळे तिच्याभोवती नव्या सुनेला पाहावं तसे जमले. क्लेमने पहिलं चॅनेल उचलायला फोर्कलिफ्ट सुरू केली.

"थांबा!" नायजेल ओरडले. "हे हात भार पेलतात, याचं प्रमाणपत्र कुठे आहे?"

"भार घातल्याशिवाय ते पेलतात हे कळणार कसं?" रोंडाने विचारलं.

"म्हणूनच तज्ज्ञ भार घालून बघतील. ते ब्रिस्बेनहून येतात. हंगाम संपल्यावर."

"मग तोवर राहू दे खाली."

"खालची जागा असुरक्षित ठरली आहे, बाई. मीच ठरवली."

"मग ठेवू कुठे? डोक्यावर?"

नायजेलनी यावर गंभीरपणे विचार केला. "डोक्यावर एवढ्या वजनाला परवानगी नाही."

मग नायजेलचा चेहरा उजळला. साठवणीचे नियम साठवलेल्या मालाला लागू होते. वाहतुकीत असलेल्या मालाला ते लागू नव्हते. वाहतूक हे निराळं खातं.

अशा रीतीने सगळं लोखंड सेमिसीच्या ट्रकवर चढलं. सेमिसी हा टोंगा बेटांवरचा धिप्पाड ड्रायव्हर. दगडासारखे दंड आणि लोण्यासारखा स्वभाव. ट्रक अंगणात लावून तो उतरू लागला, तसे नायजेल धावत गेले.

"उभा ट्रक म्हणजे गोदाम! चालता ट्रक म्हणजे वाहतूक. चालवत राहा."

"कुठे जाऊ?"

"कुठेही जा. फक्त पोचू नका."

सेमिसी कुरिंबीत गोल गोल फिरू लागला. बेकरी, शाळा, पब, पुन्हा बेकरी. एखादा अँगल लागला की क्लेम फाटकात जाऊन बसची वाट पाहावी तसा उभा राही. माल उतरवणं हा वाहतुकीचाच भाग होता, तेवढ्यापुरतं थांबायला मुभा होती. पण घाईत चुकीचा अँगल ओढला गेला, तर पुढच्या फेरीपर्यंत हात चोळत बसायचं.

"सेमिसी, दोन मिनिटं थांब की लेका! माप तर घेऊ दे!"

"नको रे बाबा! जास्त थांबलो की मी गोदाम होतो!"

मध्यंतरी विमा कंपनीने वर्कशॉपला 'शून्य अपघात' म्हणून ढाल दिली. शून्य काम झालं होतं, त्यामुळे निकाल चोख होता. पण उसाचं गाळप सुरू झालं, कारखान्याची चिमणी पेटली आणि रोंडाची झोप उडाली. रुळगाड्या अर्ध्याच राहिल्या होत्या. तिचा भाऊ ग्रॅहम शेताच्या बांधावरून फोन करी, "रोंडा, ऊस तोडून पडलाय. उन्हात रस आटतोय. गाड्या देतेस की शेजाऱ्यांच्या गुरांना चारायला घालू?" गावातल्या निम्म्या शेतांत हीच कथा होती. आणि रोंडाला पाहून माणसं रस्ता बदलू लागली होती.

मग एका दुपारी बेकरीसमोरच्या गोल चौकात ट्रकवरचा माल आवळणारे पट्टे तुटले. पाइप, अँगल, चॅनेल, सगळं धडाधड रस्त्यावर पसरलं. रोंडा धावत पोचली. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण एक पाइप शाळेची मुलं रस्ता ओलांडतात त्या पांढऱ्या पट्ट्यांवर आडवा पडला होता, आणि शाळा सुटायची वेळ होत आली होती.

सेमिसी फुटपाथवर डोकं धरून बसला होता. "पट्टे झिजलेत हे मला ठाऊक होतं, रोंडाताई. पण ट्रक उभा केल्याशिवाय बदलणार कसे?"

नायजेल आले. त्यांनी चौकापासून वर्कशॉपपर्यंत नजर टाकली आणि हात पुढे केला. "अभिनंदन! हे फाटकाबाहेर घडलंय. आपला विक्रम अबाधित आहे."

रोंडाने त्या हाताकडे पाहिलं आणि तिचं माथं सणकलं.

"क्लेम, फोर्कलिफ्ट काढ. सगळं मांडणीवर चढवायचं."

"कुणाच्या परवानगीने?" नायजेल किंचाळले.

"माझ्या बापाच्या! वर्कशॉपवर नाव त्याचंच आहे."

चढवायच्या आधी तिने मांडणी नीट पाहिली. प्रत्येक हातावर किती भार चालेल, ते बनवणाऱ्याने पत्र्यावर ठसठशीत ठोकून दिलेलं होतं. ते वाचणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं, एवढंच. जड चॅनेल खाली गेले, पाइप मधे, अँगल वर. लोखंड जागेवर बसलं आणि माणसं कामावर बसली. लागेल तो तुकडा हाताशी येऊ लागला. गाड्या रुळांवर गेल्या, ग्रॅहमचा बराचसा ऊस वाचला, आणि त्याने बहिणीला फोनवर तासभर शिव्या देऊन माया व्यक्त केली. नायजेलनी 'भारचाचणी प्रत्यक्ष पद्धतीने यशस्वी' असा अहवाल दिला. हल्ली ते या प्रयोगावर ठिकठिकाणी व्याख्यानं देतात.

एवढ्यावर भागलं असतं, पण चौकातल्या प्रकाराने गाव हादरलं होतं. सभागृहात सभा भरली. आया रडल्या, बेकरीवाला तावातावाने बोलला. शेवटी ठराव मांडला गेला. लांब लोखंड घेऊन कोणतंही वाहन गावातून जाऊ नये. अध्यक्षांनी विचारलं, "मुलांच्या सुरक्षेच्या बाजूने कोण कोण?"

रोंडाच्या डोळ्यांपुढे ते पांढरे पट्टे आले आणि तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. मागोमाग हातांचं रान उगवलं.

शेजारून क्लेमने कोपर मारलं. "अगं पोरी, वर्कशॉपला यायला गावातूनच रस्ता आहे, दुसरा नाही! पुढचं लोखंड आपल्याकडे येणार कुठून?"

रोंडाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग खाली घे ना हात!" क्लेम कुजबुजला.

"कसा घेऊ?" ती दात आवळून पुटपुटली. "सगळे बघतायत."

ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने, म्हणजे क्लेमचाही हात शेवटी वर होता. तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. पण भरल्या सभेत, सगळे बघत असताना, वर गेलेला हात तुम्ही शेवटचा खाली कधी घेतला होता?