मोटर मीच बसवणार

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे. त्यामुळे प्रेमिलामावशीच्या व्हॅनची स्टार्टर मोटर पाणी जाऊन जळाली, तेव्हा नवी मोटर मीच बसवणार, असं मी घरात जाहीर केलं. मावशी लहानूभाऊ मिस्त्रींना बोलवायचं म्हणत होती. सातवी शिकलेल्या माणसाला यातलं विज्ञान काय कळणार, असं मी तिला समजावलं.

नवी मोटर बारकाईने तपासली, तर खालच्या अंगाला चक्क एक छिद्र! एवढी ढोबळ चूक! मला कंपनीची दयाच आली. छिद्र सिलिकॉनने बुजवलं, मोटर बसवली आणि प्रयोगाशिवाय निष्कर्ष काढू नये म्हणून गाडीखालून दहा मिनिटं पाइपने पाण्याचा मारा केला. गाडी झटक्यात सुरू झाली. मी वहीत नोंद केली : यशस्वी.

दुसऱ्या दिवशी खापरखेड्याच्या एका कॉलनीत साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. ऐंशी पानांचं जेवण. मावशीची ही पहिलीच मोठी ऑर्डर. उशीर झाला, तर त्या कॉलनीत तिला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. पातेली चढवली, चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. ढकलून सुरू करू म्हटलं, तर हिसक्याने सांडेल म्हणून मावशी पाटवडीच्या रश्शासमोर रणगाड्यासारखी आडवी झाली.

शेवटी लहानूभाऊ आले. गाडीखाली सरकले, मोटर काढली, खोलली. आतून पाऊण कप पाणी ओतलं गेलं.

"हे भोक काहून बुजवलं गा?"

"पाणी आत जाऊ नये म्हणून."

"अन् गेलेलं पाणी कुठून निघन?"

पाणी मोटरच्या जोडाच्या फटीतून शिरलं होतं, आणि बाहेर पडायची एकमेव वाट मी बंद केली होती.

"कुंडीले खाली भोक असते नं? तसंच हे," एवढंच ते म्हणाले.

मग त्या माणसाचे हात पाहत राहावेत असे चालले. मोटरचे भाग फडक्याने टिपून मावशीच्या कोमट भट्टीजवळ वाळवले, गंज पॉलिश पेपरने घासला, छिद्र सुईने मोकळं केलं. सिलिकॉन लावलं, पण जोडावर. मोटर बसवताना छिद्र नेमकं खाली आहे ना, हे बोटाने चाचपून पाहिलं. तासाभरात गाडी सुरू! माझ्या अख्ख्या प्रयोगशाळेत इतकी नेटकी मांडणी मी पाहिली नव्हती.

पंगत वेळेवर बसली. मी वाढत असताना नवरदेवाच्या काकांनी माझ्याकडे पाहून मावशीला विचारलं, "हा भाचा काय करते?"

मावशी एरवी माझी डिग्री न विचारताही सांगते. आज तिने आधी त्यांच्या पानात पाटवडी वाढली.

"शिकून राहिला," ती म्हणाली. "लहानूभाऊकडे."

मी पुढच्या पानावर रस्सा वाढला. सोमवारी सकाळी नऊला लहानूभाऊंच्या गॅरेजमध्ये हजर झालो. त्यांनी आधी माझ्या हातातली सिलिकॉनची ट्यूब काढून घेतली.