वाचनीयतेचा आरोप

वाचन ही मनुष्यजातीची जुनी खोड आहे, आणि ती मोडण्यासाठी वाचनाचीच परीक्षा घेणे याहून खात्रीचा उपाय अद्याप सापडलेला नाही. ज्या संस्थेने हे सत्य व्यवहारात उतरवले तिच्या भाषा विभागात मी नोकरी करतो. त्यामुळे पुढील स्तुती ऐकीव नाही.

आमचे कार्यालय दुबईत, अल मनखूलला, एका सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावर आहे. ब्राझीलमध्ये सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या उमेदवारांसाठी आम्ही इंग्रजी उताऱ्यांचे सरावसंच तयार करतो. उमेदवारांची भाषा पोर्तुगीज, आमची मराठी आणि जागेच्या भाडेकराराची अरबी. (इंग्रजी सर्वांनाच सारखी परकी असल्यामुळे कोणावरही अन्याय होत नाही.)

संस्थेचे संस्थापक राजाभाऊ यांनी उतारा सोडवण्याची जी पद्धत घालून दिली आहे, तिच्या तर्कशुद्धतेला तोड नाही. आधी प्रश्न पाहावा. प्रश्नातले शब्द उताऱ्यात कोठे दिसतात ते हुडकावे. ‘नेहमी’ किंवा ‘कधीही नाही’ असे ठासून सांगणारे पर्याय खोडावेत, कारण परीक्षकाला ठामपणा सोसत नाही. उरलेल्यांतला जो सर्वांत नीरस, तो बरोबर. आमच्या पाहणीनुसार उतारा न वाचणाऱ्यांना सरासरी ७१ टक्के गुण मिळतात, वाचणाऱ्यांना ३८, आणि ज्यांना उतारा आवडला त्यांना ९.

साहजिकच चांगला उतारा म्हणजे जो कोणालाही वाचावासा वाटत नाही तो. असा मजकूर रचणे येरागबाळ्याचे काम नव्हे. धर्म, राजकारण, मद्य, प्रेम आणि डुक्कर हे विषय आम्ही आरंभीच वर्ज्य केले. मग बरीच वर्षे मधमाश्यांवर निभावले. पण मधमाश्यांत राणी असते आणि तिचे कोणीही मूल्यमापन करत नाही, हे आमच्या गुणवत्ता विभागप्रमुख सुहासिनीबाईंना अनुचित वाटले. तेव्हा मधमाश्या बंद झाल्या आणि ‘शीतकपाटाचा इतिहास’ हा विषय काढून तो तहसीन मुकादम यांना देण्यात आला.

तहसीनभाई मूळचे रत्नागिरीकडचे, जयगडचे. त्यांच्या लेखणीतून उतरलेला एकही शब्द आजवर कोणाच्या लक्षात राहिला नव्हता, यावरून त्यांची योग्यता कळावी. या खेपेस मात्र त्यांचा तोल गेला. शीतकपाट येण्यापूर्वी गलबतांवर ताजे मांस कसे टिकवत, हे सांगण्याच्या मिषाने त्यांनी जयगडहून दुबईच्या खाडीकडे निघालेल्या एका गलबतावर भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, चढवला आणि भंडाऱ्याच्या हाती कोंबडा दिला. किनारा दिसला की कोंबडा कापायचा, असे ठरलेले. वाटेत खलाशांना त्याच्या आरवण्याने उठायची सवय जडते. वादळात सगळे गप्प असताना तो एकटा आरवतो. अखेर किनारा दिसतो. भंडारी सुरी परजतो, कोंबड्यापाशी उकिडवा बसतो, आणि कोंबडा त्याच्याकडे मान वाकडी करून पाहतो. येथे उतारा संपतो.

परिणाम तत्काळ दिसले. रेसिफे शहरातल्या एका उमेदवाराने पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी त्या जागी ‘आणि कोंबडा?’ एवढेच लिहिले. एका बाईंनी तक्रार केली की संपूर्ण वेळ उतारा पुन्हा वाचण्यात गेला आणि एकही प्रश्न सोडवता आला नाही; खाली तहसीनभाईंचे आभार मानले होते, तो भाग आम्ही तक्रारीचाच समजलो. सबब तहसीनभाईंवर वाचनीयतेचा आरोप ठेवून अध्यक्ष राजाभाऊ, सुहासिनीबाई आणि मी अशी त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली.

आरोप सिद्ध झाला तर करार संपणार होता. करारासोबत व्हिसा जातो आणि व्हिसासोबत घर. त्यांची मुलगी सफा बारावीला, परीक्षा तोंडावर. पत्नी खैरुन्निसा यांनी घरी त्यांना कोंबड्यापेक्षा लेकीचा विचार करायला सांगितल्याचे तहसीनभाईंनीच मला जिन्यात सांगितले. सफाचे मत अधिक थोडक्यात होते.

“अब्बा, जस्ट मेक इट बोरिंग. हाऊ हार्ड इज दॅट?”

चौकशीत राजाभाऊ अत्यंत सौजन्याने वागले.

“तहसीनभाई, सब्जेक्ट फ्रीजचा होता. कोंबडा कुठून आला?”

“फ्रीज नव्हता तेव्हा कोंबडाच होता ना, राजाभाऊ.”

“हबीबी, मग कापून टाका. एक लाइन ॲड करा, मामला खलास. तुमचं रिन्यूअल मी आजच साइन करतो.”

ही तडजोड उदार होती. तहसीनभाईंनी कागद पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले. मग टोपण परत लावले. म्हणाले, “इतक्या लांब सगळ्यांना उठवत आणलंय त्याने. माझ्याच्याने नाही होत.”

आता निर्णय पुराव्यावर आला. उतारा वाचनीय आहे की नाही हे उतारा वाचल्याविना ठरेना, आणि आमच्या संस्थेत उतारा वाचण्याची प्रथा नाही. सुहासिनीबाईंनी ही जबाबदारी पत्करली. त्यांचा स्वभाव कडक. पहिल्याच ओळीत जांभई देऊन त्या आरोपीला सोडवतील, अशी मला आशा होती. त्या वाचू लागल्या. त्यांचा चहा आला, निवला, त्याच्यावर साय धरली. शेवटच्या ओळीनंतर त्यांनी पान उलटून पाहिले. मागे काहीच नव्हते.

“तहसीनभाई,” त्या म्हणाल्या, “मग कापला का हो त्याने?”

राजाभाऊंनी चष्मा काढला. गुणवत्ता विभागप्रमुखांच्या तोंडचा हा प्रश्न आरोपाचा निर्णायक पुरावा म्हणून नोंदवण्यात आला. आरोपी या वेळी चौकशी सुरू झाल्यापासून प्रथमच हसला, हेही नोंदवले आहे.

“शब्दमर्यादा संपली होती, मॅडम.”

“म्हणजे पुढे आहे?” हे राजाभाऊंनी विचारले. (अध्यक्षांच्या सूचनेवरून हा प्रश्न इतिवृत्तातून वगळला आहे.)

आरोप एकमताने सिद्ध झाला. तहसीनभाई सहकुटुंब जयगडला गेले. सफा तिथल्या महाविद्यालयात पुन्हा अकरावीपासून आरंभ करते आहे. शीतकपाटावरचा नवा उतारा मी लिहिला असून त्याविषयी एकही तक्रार आलेली नाही.

निकालपत्रावर आम्हा तिघांच्या सह्या आहेत. राजाभाऊंच्या आग्रहावरून खाली आणखी काही जागा मोकळी सोडली आहे. त्यांचे म्हणणे असे की, उतारा वाचनीय होता याला साक्षीदार जितके अधिक तितका निकाल भक्कम. तेव्हा हे वाचता वाचता ज्यांच्या मनात क्षणभर तरी त्या कोंबड्याचे पुढे काय झाले असा विचार आला असेल, त्यांनी पुढे येऊन सही करावी.