एक जूनची माणसं

"वाढदिवसाच्या शुभेच्छा!" काउंटरमागच्या फ्राऊ बेंडर उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी शोभनाचा हात हातात घेऊन दोनदा हलवला.

"कोणाचा वाढदिवस?" शोभनाने विचारलं.

"तुमचा. पासपोर्टात एक जून आहे. आज एक जून."

"अच्छा, ते होय! ते खरं नाही. माझा वाढदिवस ऑक्टोबरात असतो."

हे तिने इतक्या शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं, की गैरसमजाला जागाच उरली नाही. आठ महिन्यांपूर्वी तिला एवढं बोलता आलं नसतं आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं.

गोष्ट २००६ सालची. ऱ्हाईनकाठच्या एका कारखान्यांच्या शहरातली फोल्क्सहोखशूले, म्हणजे नगरपालिकेची, कोणालाही कोणत्याही वयात शिकायला मोकळी असलेली शाळा. जर्मनच्या परीक्षेचे अर्ज दुपारी बारापर्यंत घेणार होते. ती परीक्षा पास झाली, तरच ऑगस्टपासून शोभनाला एका रसायनांच्या लॅबमध्ये नोकरी मिळणार होती. बी.एस्सी. होऊन दहा वर्षं तिने टेस्टट्यूब पाहिली नव्हती.

फ्राऊ बेंडरनी अर्ज काढला. त्यावर वीस ऑक्टोबर होतं.

"हा कोणी भरला?"

"आमच्या बाईंनी. सगळ्यांचे त्यांनीच भरले."

बाई म्हणजे फ्राऊ लोरेन्झ, वय एकसष्ट. विद्यार्थ्यांच्या अर्जात खाडाखोड होऊ नये म्हणून त्यांनी सगळ्या जन्मतारखा वर्गातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून उतरवल्या होत्या. तिथे पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने आपला वाढदिवस लिहिला होता, खराखुरा. शोभनाचा जन्म नवरात्रातल्या पाचव्या माळेचा. नवऱ्याने, विलासने, जुनं पंचांग शोधून त्याची तारीख काढली होती. एक जून ही हेडमास्तरांची देणगी. शाळा उघडताना पोरीला सहा वर्षं पूर्ण दिसायला हवीत, म्हणून.

फ्राऊ बेंडरनी अकराच्या अकरा अर्ज आणि पासपोर्टांच्या झेरॉक्स टेबलावर मांडल्या. सहा जुळेनात. त्यातल्या पाच पासपोर्टांवर एक जानेवारी. अकरा माणसांत पाच जण एकाच तारखेला जन्मण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. फ्राऊ बेंडरना हे गणित न करताच कळलं. त्यांनी अख्खा वर्ग खाली बोलावला.

"मी सफरचंदं उतरवायच्या दिवसांतला," अफगाणिस्तानचे नजीब म्हणाले. "साहेबाने जानेवारी लिहिलं. त्याला घरी जायची घाई होती."

"माझ्या वडलांना कारकुनाने तारीख विचारली," तुर्कस्तानची गुल्तेन म्हणाली, "तर ते म्हणाले, तूच लिही काहीतरी छानसं!"

शोभनाने कोपऱ्यात जाऊन विलासला फोन लावला. "अहो, घोळ झालाय. त्यांना वाटतंय माझा पासपोर्ट खोटा आहे."

"अगं, थँक्यू म्हणून मोकळं व्हायचं ना! मी चार वर्षं एक जूनला ऑफिसात निमूट केक नेतोय. आत्ताच कापला."

"केक राहू दे. लग्नाचा दाखला घेऊन या आधी. त्यावरही माझी एक जूनच आहे."

विलास ट्रामने वीस मिनिटांत आला. घर ऑफिसच्या वाटेवरच होतं. हातात फाइल, शर्टावर क्रीम. फ्राऊ बेंडरनी दाखल्याचं जर्मन भाषांतर वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"नवरा, जन्म एक जून. बायको, जन्म एक जून." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही नक्की नवरा-बायकोच ना? जुळे नाही?"

"आमच्याकडे निम्मा गाव एक जूनचा आहे, मॅडम," विलास म्हणाला.

याने काम आणखी बिघडलं.

"हे बघा," फ्राऊ बेंडर म्हणाल्या, "पासपोर्ट चुकीचा आहे असं तुम्हीच मला सांगताय. आता मला परदेशी नागरिकांच्या ऑफिसला विचारावं लागेल. सहा आठवडे."

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

वर्गाबरोबर खाली आलेल्या फ्राऊ लोरेन्झनी पर्समधून आपलं ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"मग माझ्याबद्दलही विचारा. एक मार्च पंचेचाळीस. त्या दिवशी मी एका स्टेशनवर सापडले. टोपलीत होते. वय अंदाजे काही महिने. लिहिणाऱ्याने त्या दिवशीचीच तारीख लिहिली. त्यावर मी शाळा शिकले, लग्न केलं, आता पेन्शनही मिळेल. कोणी सहा आठवडे मागितले नाहीत."

फ्राऊ बेंडरनी ते कार्ड वाचून परत दिलं. मग त्यांनी पेन उचललं. "बरं तर, पासपोर्टात जे असेल ते. इथे दुरुस्त करा आणि प्रत्येक ठिकाणी सही." खाडाखोडीचा तिटकारा असलेल्या बाईंनी सहा ठिकाणी खाडाखोड केली. शिक्के अकरा बावन्नला पडले.

जिन्यात शोभनाने विचारलं, "मग तुमचा खरा दिवस कोणता?"

"माहीत नाही."

"एखादा निवडून टाका की!" नजीब म्हणाले.

बाई थांबल्या. "मे चालेल. मेमध्ये हवा छान असते."

"मे कालच संपला," गुल्तेन म्हणाली.

"मग कालचाच," बाई म्हणाल्या.

जर्मनीत वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा अपशकुनी मानतात. उशिरा दिलेल्या मात्र चालतात. अकरा जणांनी आणि विलासने जिन्यातच रांग लावली. रांगेच्या शेवटी, ऑफिसला कुलूप लावून, फ्राऊ बेंडरही येऊन उभ्या राहिल्या.