डोमाभाऊंचा कान

मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून म्हणून रुजू झालो, त्या दिवशी डोमाभाऊंनी माझ्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि साहेबांना सांगितलं, "भरीव हाये. पन जेवला नाई." दोन्ही खरं होतं.

डोमाभाऊंचं कामच ते. सागाच्या ओंडक्यावर हातोडी मारायची आणि तो आतून पोकळ आहे का, हे आवाजावरून सांगायचं. पंचवीस वर्षांत सवय अशी जडली की वाजवल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वासच बसेना. माठ, विटा, टरबूज तर वाजवतच. पण एकदा नवे साहेब टेबलाशी भाषण करत असताना यांनी टेबलावर टकटक केलं आणि "पोकळ" म्हणाले. टेबल की साहेब, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

नव्या रुपयात चांदी उरली नव्हती. त्यामुळे जुन्या राणीछाप रुपयाला मान आला, आणि खोटे राणीछापही फिरू लागले. लोक नाणी घेऊन डोमाभाऊंकडे येत. ते रुपया दगडावर टाकून डोळे मिटत. खणकन वाजला तर "बोलला", बद्द वाजला तर "मुका". मात्र कुणी कडी लावलेलं, गळ्यातलं नाणं आणलं की ते हात मागे घेत. "हे आपल्यानं होत नाई, जी." मला वाटे, म्हातारा उगाच भाव खातो.

मग डेपोच्या चौकीदाराच्या मुलीचं साक्षगंध आलं. मुलीच्या गळ्यात आजीची हमेल होती, म्हणजे राणीछाप रुपयांना कड्या बसवून ओवलेला हार. मुलाच्या आत्याने "पाहू जी" म्हणत त्यातला एक रुपया दोऱ्यातून काढला आणि उंबऱ्याच्या दगडावर टाकला. तो बद्द वाजला.

"खोटा हाये," आत्या म्हणाली. "बापानं आमाले फसवून राह्यलं."

मुलीच्या बापाने हात जोडले. मुलाकडची माणसं आपापल्या टोप्या शोधू लागली. तेव्हा कुणीतरी डोमाभाऊंना पुढे ढकललं.

त्यांनी आधी पितळेचं ताट मागितलं. दोरीला टांगून बोटाने वाजवलं, ते घणघणलं. मग त्यावर तळहात ठेवून पुन्हा वाजवलं, आवाज दबला.

"आत्याबाई, ताट खोटं झालं काय?"

"नाई."

"त्याले धरलं म्हून बोलून नाई राह्यलं. या रुपयाले तर डाग देऊन कडी चिकटवली हाये. गळा धरल्यावर तुमी तरी बोलान काय?"

आत्याबाई त्या दिवशी गळा न धरताच गप्प झाल्या.

बापाला विचारून डोमाभाऊंनी कानस घेतली आणि कडी, तिच्या बुडाचा डाग, सगळं घासून काढलं. रुपया खोटा निघाला असता तर सोयरीक तिथेच मोडली असती. शेवटी त्यांनी तो दगडावर टाकला, आणि तो असा खणखणला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

"बोलला," डोमाभाऊ म्हणाले. टोप्या खाली आल्या आणि पोह्यांच्या ताटल्या फिरल्या.

दुपारी सागाच्या सावलीतून परतताना मी विचारलं, "कडीचं हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी कमरेच्या चंचीतून एक रुपया काढला. कडी लावलेला, राणीचा चेहरा पार झिजलेला.

"बायकोचा. सासऱ्यानं घातला होता. मी डेपोत नवा लागलो होतो, कानाचा लय शाहाना. लग्नातच वाजवला. बद्द वाजला. चार लोकांत म्हनलं, तुह्या बापानं खोटा देल्ला. तिनं तवाच काढून ठेवला. मंग कधी घातला नाई."

"आणि खरा होता?"

"सोनारानं कडी काढून वाजवला, तवा समजलं. तिले जाऊन वरीस झालं होतं. मंग कडी परत लावून घेतली, तिची होती तशी." त्यांनी रुपया चंचीत ठेवला. "आता सांगू कोनाले, बाबू?"

मला फार वाईट वाटलं. मी पाठ पुढे केली. म्हटलं, "वाजवून पाहा बरं, भरीव आहे का."

ते हसले. पण वाजवलं नाही. पाठीवर नुसता हात ठेवला, आणि डेपो येईपर्यंत तो तसाच होता.