उलथन्याच्या मापाची मूठ

रविवार, ९ फेब्रुवारी २००३. स्थळ: दौंड, हुसेनचाचांचं घर. काम: लाकूड कातायचा छोटा लेथ सुरू करणे. हजर: हुसेनचाचा, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर; आमिनाचाची, त्यांची बायको; यासीनमामा, चाचींचा धाकटा भाऊ, शिरूरचा खरादी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारा; दत्तू वेल्डर; आणि मी, शेजारीण, वही घेऊन.

वही ही माझी सवय. शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं परीक्षानळ्या मोजल्यावर माणूस घरातले चमचेही लिहून ठेवतो. हुसेनचाचांना माझ्यातलं आवडलं ते तेवढंच. लेथच्या खरेदीला जाताना ते मला न्यायचे आणि दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "लिव्हा, बाई!"

आता चाचा कसे, तर असे: सहा फूट उंच, भरघोस मिशा, रुळासारखा ताठ कणा. हा माणूस हार्डवेअरच्या दुकानात शिरतो, पटाशीच्या मुठी दाखवा म्हणतो आणि कापडी पिशवीतून एक उलथनं बाहेर काढतो. स्वयंपाकघरातलं, लाकडी मुठीचं, तीस वर्षं वापरून मधोमध झिजलेलं. मग डाव्या हातात उलथनं, उजव्या हातात दुकानातली मूठ धरून डोळे मिटतो.

"चाचा, आमलेट टाकायचंय का?" शिरूरच्या दुकानदारानं विचारलं.

"तुमची मूठ जाडी हाय," चाचा डोळे न उघडता म्हणाले. "नापास. लिव्हा, बाई."

मी लिहिलं. त्या दिवशी अकरा मुठी नापास झाल्या. एक जाड, एक लांब, एकीची शेंबी, म्हणजे तोंडाशी बसवलेलं लोखंडी कडं, सैल. बारावीला दुकानदारानंच आधी हात जोडले. इकडे घरी आमिनाचाची पोळ्या उलटायला चिमटा वापरत होत्या. "सुनंदा, माझं उलथनं पुन्हा गावाला गेलंय बघ," असं त्या मला कुंपणावरून सांगायच्या.

ही सगळी धावपळ यासीनमामांमुळे. लेथ घेतल्याचं कळल्यावर ते भर जेवणात हसले होते. "दाजी, तुमचा हात लोखंडाचा. इंजिनावर घण घालणारा माणूस लाटणं काय कातणार? ही आमची बापजाद्यांची कला हाय. रिटायर झाला, नमाज पढा, बाजारातून मेथी आणा."

चाचांनी घास खाली ठेवला. "फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी दौंडला या. आमच्या घरात कातलेलं लाटणं तुमच्या हातात ठेवतो. न्हाई जमलं, तर लेथ तुम्हीच घेऊन जा."

गल्लीभर बातमी झाली. लेथ राहतो की शिरूरला जातो, एवढाच विषय. आणि मला खरं सांगायचं तर काळजी वाटत होती. चाचांनी आजवर लाकडाला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

पण ते निवांत. शेवटी एक मूठ पास झाली, मग टेकणाची पाळी आली. टेकण म्हणजे लाकूड गरगर फिरत असताना पटाशी जिच्यावर टेकवायची ती लोखंडी पट्टी. पहिलं आणलं ते ओतीव. चाचांनी चाचींची जुनी ओढणी त्याच्या धारेवरून ओढली. एक धागा अडकला. "नापास." दुसरं एवढं लांब, की आमच्या छोट्या लेथच्या दोन्ही टोकांना धडकायचं. "ह्यो तर रूळ हाय. नापास." तिसरं दत्तूनं गोल सळई घासून बनवलं, तीनदा परत गेलं, चौथ्यांदा ओढणी त्यावरून पाण्यासारखी सरकली.

"पास?" दत्तूनं विचारलं.

"पास. आता स्टँड कर. आमच्या सैपाकघरातल्या ओट्याएवढा उंच."

"चाचा, तुमची कंबर मोडंल वाकून!"

"लिव्हा, बाई. ओट्याएवढा."

मी लिहिलं. मनात म्हटलं, निवृत्तीनंतर पुरुष स्वयंपाकघरात जरा जास्तच रमतात.

तर तो रविवार. यासीनमामा नवीन टोपी घालून आले होते. मागच्या खोलीत लेथ, त्यावर आंब्याच्या लाकडाचा ठोकळा अडकवलेला. दारात अर्धी गल्ली. चाचांनी बटण दाबलं. लाकूड घुमायला लागलं. चाचांनी पटाशी उचलली, पुसली, आणि सरळ बायकोपुढे धरली.

"घे."

चाचींच्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी घेतला, नाहीतर पडलाच असता.

"येडे झालात का? लोक बघत्यात."

"बघू दे. घे, आमिना."

त्यांनी पदर खोचला. पटाशीची मूठ तळहातात बसली आणि बोटं तिच्याभोवती आपोआप मिटली. कोपर बरोबर ओट्यावर पोळ्या लाटताना असतं तिथं आलं. मी वही उघडून पाहिली. सगळी मापं महिनाभर माझ्याच अक्षरात तिथं होती, आणि मला काही कळलं नव्हतं.

पटाशी टेकली, खट्ट झालं, लाकूड उसळलं. दारातून कुणीतरी हसलं. यासीनमामा मात्र हसले नाहीत. ते बहिणीच्या हाताकडे बघत होते.

चाचींनी लेथ बंद केला. "टेकण लांब ठेवलंय तुम्ही. आन् उंच." त्यांनी टेकणाची पकड सैल केली, टेकण लाकडाजवळ सरकवलं, बोटभर खाली घेतलं, पुन्हा आवळलं. छत्तीस वर्षं फिटर असलेला माणूस गुमान बाजूला सरकला.

दुसऱ्यांदा पटाशी टेकली तेव्हा आवाजच वेगळा आला. ढलपी निघाली, लांब, न तुटता, चाचींच्या मनगटावरून खाली जमिनीपर्यंत. मग दुसरी. ठोकळा गोल झाला, टोकं निमुळती झाली. अर्ध्या तासात लाटणं तयार.

चाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "लगीन झालं तवा एकदाच बोलली होती. माहेरी यासीन तापानं पडला, तवा महिनाभर हिनं लेथ चालवला. त्यो उठला, आन् हिला उठवलं. परत कवा नाव न्हाई काढलं. मी जल्मभर ड्यूटीच केली, बाई. रिटायर झालो, तवा आठवलं."

चाचींनी लाटणं भावाच्या हातात ठेवलं. यासीनमामांनी ते अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"आपा," ते म्हणाले, "त्या महिन्याची लाटणी हायत ना, गिऱ्हाईकं वर्षभर तसलीच मागत होती. अब्बांना मी सांगितलं न्हाई."

"मला ठाऊक हाय," चाची म्हणाल्या. "चहा घे, पार गार झालाय."

दत्तूनं शिट्टी मारली. दारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथल्या तिथं सात लाटण्यांच्या ऑर्डरी दिल्या. मी नावं लिहून घेतली. यासीनमामांनी स्वतःहून केर काढला. चाचा मिशीला पीळ देत असे उभे होते, की जणू लाटणं त्यांनीच कातलंय.

मग चाचींनी खोलीभर नजर फिरवली. "हे इथं मागं अंधारात कशाला बसवलं?"

चाचा चाचरले. "म्हटलं, न्हाई जमलं, तर लोकांनी तुला हसू नये."

"हसले की एकजण. काय झालं?" त्यांनी पुढच्या दाराकडे, रस्त्याकडे बोट केलं. "तिथं घ्या. ढलप्या रस्त्यावर पडल्या पाहिजेत."

"अगं, चारी बोल्ट सिमेंटात गाडलेत! रेल्वेचं काम हाय, हलायचं न्हाई."

"मग तोडा."

त्याच संध्याकाळी छिन्नी-हातोडा घेऊन चाचा आणि यासीनमामा जमिनीवर बसले. तीन बोल्ट निघाले. चौथा अजून निघायचाय.