टास्करसाहेबांचे कान

फोटोवरून माणूस ओळखावा तो हार्लन स्टब्सनेच! हे मत खुद्द हार्लनचंच, पण बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची छापील कार्डं जमवणाऱ्या डेटन शहरातल्या मंडळात त्याने ते सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. आज चर्चच्या तळघरात आधी त्याचं भाषण आणि लगेच अध्यक्षपदाची निवडणूक. विरोधात मर्ल, म्हणजे बोलायच्या नावाने आनंद! शिवाय हार्लनने जुने खेळाडू रॉय टास्कर यांनाच पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. त्यांची बायको पर्ल मागच्या स्वयंपाकघरात ॲपल-पाय कापायला मदत करत होती.

"मंडळी," हार्लन गरजला, "पूर्वी फोटो हाताने रंगवायचे. गाल असे लाल, की खेळाडू बोहल्यावर चढतोय! मग खऱ्या सामन्यातले फोटो आले. त्यात धूळ दिसते, खेळाडू शोधावा लागतो! आणि कोणी संघ बदलला, की कार्डांचे कंपनीवाले फोटोतल्या जुन्या टोपीवर ब्रशने नवी टोपी चढवायचे. ही बघा! टोपी कसली, डोक्यावर पॅनकेक ठेवलाय!"

टाळ्यांचा कडकडाट! आता निवडणूक खिशातच होती. हार्लनने पाकिटातून आपलं लाडकं कार्ड काढलं, छप्पन्न सालचं, आणि तेच पडद्यावर मोठं करून दाखवलं.

"आणि हे आपले टास्करसाहेब! काय ती नजर! काय ते मनगट!"

"तो मी नाही," टास्करसाहेब म्हणाले.

"अहो, असं कसं? तीस वर्षं भिंगातून बघतोय मी!"

"आणि मी जन्मभर आरशात बघतोय! मी हॉटडॉग खायला गेलो होतो. फोटोवाल्याला घाई. शेंगदाणे विकणारा पोरगा माझा शर्ट घालून उभा राहिला."

तळघर हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं. मर्लसुद्धा हसला! पण हार्लन खचतोय कसला?

"साहेब, वयोमानाने विसरलात! माणसाचं सगळं बदलतं, कान बदलत नाहीत. वळवा मान!"

"अरे बाबा, सोड माझा कान!"

हार्लन भिंग लावून एकदा कार्डाकडे, एकदा कानाकडे बघत होता, तेवढ्यात पर्लबाई ॲपल-पायचं ताट घेऊन आल्या.

"अगं बाई! हे कार्ड तर माझ्याकडेही होतं! हेच बघून मी रॉयला पहिलं पत्र लिहिलं होतं!"

टास्करसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "हो हो, मीच तो! हार्लन, तुझंच बरोबर, बाबा!"

इथे कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण हार्लन पडला जाणकार!

"छे हो! कानाच्या पाळ्या बघा! तुमच्या चिकटलेल्या, याच्या सुट्या! हा शेंगदाणेवालाच! शंभर टक्के!"

पर्लबाईंनी ताट खाली ठेवलं. "म्हणजे स्टेशनावर भेटलास तेव्हा 'फोटोत मी जरा बरा येतो' म्हणालास, ते हे होय रे, मेल्या? आणि मी साठ वर्षं समजत होते, की माझ्याच हातचं खाऊन तू असा झालास!"

मतदान झालं. सगळी मतं मर्लला. हार्लनच्या बायकोने तर दोन्ही हात वर केले!

पर्लबाईंनी हार्लनच्या हातातलं कार्ड उचललं, मायेने पुसलं आणि पर्समध्ये टाकलं.

"बाई, ते माझं आहे!" हार्लन कळवळला.

"मग बदल्यात हा ठेव," म्हणत त्यांनी नवऱ्याला त्याच्याकडे ढकललं. "जुना आहे, कोपरे जरा दुमडलेत, पण अस्सल आहे. तूच तपासलास ना!"

आणि त्या चालत्या झाल्या. टास्करसाहेबांनी हार्लनकडे बघितलं.

"रात्री जेवायला काय आहे रे तुमच्याकडे?"